अर्ध्या मार्काचा च

कॉलेजातल्या व्याकरणाच्या बाईंना सगळे पाठीमागे ‘अर्धा मार्क’ म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची टाप नव्हती. वेलांटी चुकली, अर्धा मार्क गेला. अनुस्वार राहिला, अर्धा मार्क गेला. स्वतःच्या लग्नाच्या पत्रिकेतसुद्धा त्यांनी लाल पेनने चुका काढल्या होत्या, आणि त्या सगळ्या मुलाकडच्या मजकुरात निघाल्या होत्या. नवऱ्याने ती पत्रिका अजून जपून ठेवली आहे. भांडणात कामाला येते.

बाई कुणाला फारशा आवडत नसत आणि हे त्यांना ठाऊक होतं. पण दारावरची पाटी रंगवायची असो की शोकसभेचा ठराव लिहायचा असो, कागद शेवटी त्यांच्या टेबलावर येई. बाईंनी मान हलवली की विषय संपला. बाई म्हणतात म्हणजे तसंच, असं शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे मानत. आयुष्यभराची कमाई म्हणावी अशी एवढी एकच गोष्ट बाईंकडे होती, आणि ती त्यांनी डोळ्यांत तेल घालून सांभाळली होती.

अशा बाईंना एका दुपारी प्राचार्यांनी बोलावून घेतलं आणि विचारलं, “बाई, ‘ही’ आणि ‘च’ यांत फरक काय?”

बाईंना वाटलं, उशिरा का होईना, यांना शिकावंसं वाटतंय. त्या खुर्चीत सावरून बसल्या. “‘मी चहाही घेतला’ म्हणजे चहाबरोबर आणखी काहीतरी घेतलं. ‘मी चहाच घेतला’ म्हणजे दुसऱ्या कशाला हात लावला नाही. ‘ही’ दार उघडं ठेवतो. ‘च’ कडी लावून घेतो.”

“नेमकं तेच,” प्राचार्य म्हणाले, “तेच आता निस्तरायचंय.”

प्राचार्यांचा विषय कधीकाळी वनस्पतिशास्त्र होता. वेलींवर त्यांनी प्रबंध लिहिला होता, आणि ज्याचा आधार मिळेल त्याच्या अंगाने वर चढायचं, ही गोष्ट त्या अभ्यासातून त्यांच्या अंगात मुरली होती. स्वभावाने वाईट नव्हते. कुणाचं नुकसान व्हावं असं त्यांना वाटत नसे. आपलं तर मुळीच नाही.

प्रकरण असं होतं. इतिहास शिकवणारा एक तरुण मास्तर होता. तो बाईंचाच जुना विद्यार्थी. त्याच्या वर्गात धान्यटंचाईचा विषय निघाला. एका मुलीने उभं राहून विचारलं, सर, टंचाई येते तेव्हा चूक कुणाची असते, व्यापाऱ्यांची, लोकांची, की सरकारची? मास्तरने उत्तर दिलं. पहिल्या बाकावर बसणारा एक मुलगा प्रत्येक तास मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवी. त्याचं सरकारवर मनापासून प्रेम होतं. काही मुलांचं क्रिकेटवर असतं, तसं. त्याने तक्रार केली की सरांनी वर्गात ‘सरकारच चुकतं’ असं सांगितलं. मास्तरच्या बाजूच्या मुलांनी सांगितलं की सर ‘सरकारही चुकतं’ म्हणाले.

आता संस्थेने नुकतीच एक आचारसंहिता काढली होती. तिच्यात एक कलम होतं की शिक्षकाने वर्गात एकांगी मत मांडू नये. वकिलांनी त्यावर सल्ला दिला होता. ‘ही’ असेल तर मत समतोल आहे, तोंडी समज देऊन सोडावं. ‘च’ असेल तर मत एकांगी आहे, नोकरीवरून काढावं. मास्तर अजून कायम झालेला नव्हता, त्यामुळे काढायला फारसे कष्टही नव्हते.

“रेकॉर्डिंग आहे ना?” बाई म्हणाल्या. “मग ऐका की.”

प्राचार्यांनी ऐकवलं. मास्तरचा आवाज स्वच्छ होता. “साठा सरकारकडे, आकडे सरकारकडे, हुकूम सरकारचा. मग दुसऱ्या कुणाला धरणार? सरकार—” आणि इथे कुणीतरी बाक सरकवलं. खर्रर्र. “—चुकतं.”

संबंध तासभर एकही बाक जागचं हललं नव्हतं. हललं ते नेमकं त्या एका अक्षरावर.

चौकशी समिती नेमली गेली. अध्यक्ष प्राचार्य. संस्थेचे प्रतिनिधी म्हणून टाइल्सच्या मोठ्या दुकानाचे मालक, ज्यांना सगळे टाइल्सवाले म्हणत. आणि भाषातज्ज्ञ म्हणून बाई.

“आमचा काही आग्रह नाही,” प्राचार्य म्हणाले. “तुम्ही म्हणाल ते अक्षर आम्ही मान्य करू. फक्त...”

“फक्त काय?”

“‘ही’ निघाला तर सगळ्यांचीच सुटका होईल.”

“सगळ्यांची‘च’ म्हणालात तुम्ही,” बाई म्हणाल्या.

प्राचार्यांनी आधी दाराकडे पाहिलं, मग खिडकीकडे.

बातमी पसरायला काय लागतं? दुसऱ्या दिवसापासून कॉलेजात ‘च’ची टंचाई सुरू झाली. स्टाफरूममध्ये लोक वाक्याच्या मध्यावर अडखळू लागले. तोंडात आलेला ‘च’ गिळून त्या जागी ‘ही’ लावू लागले, कारण ‘ही’ समतोल होता. ऑफिसातून “कागद आजच हवाय” असं येण्याऐवजी “कागद आजही चालेल” असं येऊ लागलं, आणि मग तो कधीही मिळेनासा झाला. ग्रंथालयात नवा फलक लागला : ‘येथे शांतताही राखावी.’ गणिताच्या सरांना तर इतकी सवय झाली की घरी बायको रुसली असताना ते तिला म्हणाले, “अगं, माझं तुझ्यावरही प्रेम आहे.” त्यानंतर बरेच दिवस ते डबा कँटीनमधून घेत होते.

बाईंनी ग्रंथालयातला फलक पाहिला. हात पर्समधल्या लाल पेनकडे गेला. पण टेबलामागचा ग्रंथपाल त्यांच्याकडे अशा केविलवाण्या नजरेने बघत होता की त्यांनी पेन परत आत टाकलं.

रेकॉर्डिंग त्यांनी घरी आणलं होतं. नवरा टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेला. त्याच्याकडे कानाला घट्ट बसणारे चांगले हेडफोन होते. जेवणाचं टेबल पुसून बाई बसल्या आणि तेवढा तुकडा पुन्हा पुन्हा लावून ऐकू लागल्या.

“काय ऐकू येतंय?” नवऱ्याने विचारलं.

“बाक.”

“त्याच्या खालचं ऐक. ओरखड्याच्या खाली आवाज असतोच. आम्ही आयुष्यभर तेच केलं.”

“दुसऱ्यांचं बोलणं ऐकायचात?”

“ऐकू यायचं,” नवरा म्हणाला. “ऐकलं असं कधी म्हणायचो नाही. म्हणून तर सुखाने निवृत्त झालो.”

बाई खालचं ऐकू लागल्या. ‘सरकार’मधला शेवटचा र ऐकू येत होता. मग खरखर. मग ‘चुकतं’. आणि मग त्यांच्या लक्षात आलं की हा ‘चुकतं’चा च जरा जड आहे. चाकातला च म्हणताना जीभ दातांमागे टेकते आणि लगेच सुटते. इथे ती टेकली, क्षणभर थांबली, आणि मग सुटली. एका च ला एवढा वेळ लागत नाही. तिथे दोन होते. पहिला बाकाखाली गेला होता, पण जाता जाता दुसऱ्याला टेकून गेला होता. सरकारच्चुकतं.

बाईंनी स्वतःच ते वाक्य म्हणून पाहिलं. एकदा ‘ही’ घालून, एकदा ‘च’ घालून. नवऱ्यालाही म्हणायला लावलं. शंका राहिली नाही. त्यांनी हेडफोन काढून ठेवले, आणि हे कळलंच नसतं तर बरं झालं असतं असं त्यांना वाटलं.

कारण हा मास्तर त्यांचा नुसता विद्यार्थी नव्हता. आयुष्यभर त्यांनी हजारो पोरांचे अर्धे मार्क कापले. पोरं शिव्या घालून विसरून गेली. हा एकटा उत्तरपत्रिका घेऊन त्यांच्या टेबलाशी आला होता आणि म्हणाला होता, “बाई, कापलात ते ठीक. पण का कापलात?” त्याने निबंधात ‘नेहमी सत्यही बोलावे’ असं लिहिलं होतं. बाईंनी समासात लाल अक्षरात विचारलं होतं, ‘सत्यही? मग आणखी काय काय बोलणार?’ त्यांनी समजावून सांगितलं, तेव्हा तो पोरगा इतका खदखदून हसला की बाईंनाही हसू आवरलं नाही. बाईंना मूलबाळ नव्हतं. त्या दिवसापासून त्यांनी मनातल्या मनात याला आपला धरला होता, आणि हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं, त्याला तर नाहीच.

तो घरी आला तो बायकोबरोबर. ती औषधांच्या दुकानात काम करी आणि थेट तिथूनच आली होती. तिने पाण्याचा पेला हातात घेतला आणि न पिता खाली ठेवला.

“बाई, एका अक्षराचा तर प्रश्न आहे,” ती म्हणाली. “‘ही’ लिहून टाका ना. कुणाचं काय जातंय? मुलगी याच संस्थेच्या शाळेत आहे. ह्यांना काढलं तर तिनं उद्या वर्गात कसं बसायचं?”

“बाई, मी ‘च’ म्हणालो,” मास्तर म्हणाला.

“झालं!” बायको म्हणाली. “बघितलंत? घरी दारी हेच चाललंय. अहो, तुम्हाला कुणी विचारलंय का?”

“अगं, पण म्हणालो ना मी. आणि विचार करून म्हणालो. चुकलो असेन तर मुलांनी उठून सांगावं. वर्ग त्याच्यासाठीच असतो ना?”

“वर्ग असतो हो. पण पगार जिच्यासाठी असतो, ती घरी जेवायची वाट बघत बसलीय.”

मास्तरने पाण्याचा पेला तिच्याकडे सरकवला. मग बाईंकडे बघून म्हणाला, “तुम्ही ऐकलंत ना? तुम्हाला कळलं असेल.”

“मी माझा अहवाल समितीला देणार आहे,” बाई म्हणाल्या. “तुला नाही. चहा घ्या आणि जा.”

ते गेल्यावर बाई बराच वेळ कोरा कागद समोर घेऊन बसल्या. खरं लिहायचं तर पोराच्या पोटावर पाय येतो. खोटं लिहायचं तर आजवर कापलेले सगळे अर्धे मार्क खोटे ठरतात. त्यांना मास्तरच्या मुलीची आठवण झाली. एकदा ती बापाचं बोट धरून स्टाफरूममध्ये आली होती आणि बाईंना म्हणाली होती, “तुम्ही अर्धा मार्क ना?” समोर तसं म्हणणारी ती पहिलीच. बाईंनी लिहिलं : ‘ध्वनिमुद्रणाच्या सूक्ष्म श्रवणानंतर माझे मत असे की, सदर अक्षर “ही” आहे.’ वाक्यात एकही चूक नव्हती. बाईंना स्वतःची लाज वाटली.

समितीची बैठक प्राचार्यांच्या खोलीत भरली. खिडकीत कुंड्या, भिंतीवर जुन्या प्राचार्यांचे फोटो, कोपऱ्यात इतिवृत्त लिहायला हेडक्लार्क. मास्तरला बाहेर बाकावर बसवलं होतं. बाईंनी अहवाल वाचला. प्राचार्यांचा जीव भांड्यात पडला. “वा! म्हणजे तोंडी समज. चहा सांगू या.”

“थांबा,” टाइल्सवाले म्हणाले.

टाइल्सवाले फारसे शिकलेले नव्हते, पण दुकानदार होते. गिऱ्हाईक काय म्हणतं यापेक्षा काय म्हणत नाही याच्यावर त्यांचा धंदा उभा होता. त्यांनी कागद हातात घेतला. “बाई, माझ्या दुकानात कुणी म्हणालं की ‘ही टाइलही फुटकी निघाली’, म्हणजे आधी दुसरी एखादी फुटकी निघालेली आहे. बरोबर?”

“बरोबर,” बाई म्हणाल्या. व्याकरण होतं, नाही कसं म्हणणार?

“मग सरकार‘ही’ चुकतं म्हणजे सरकारच्या आधी कोण चुकतं?”

प्राचार्यांनी विचार केला. “मुलीच्या प्रश्नात व्यापारी होते.”

“मी व्यापारी आहे,” टाइल्सवाले म्हणाले.

खोलीत शांतता पसरली. ग्रंथालयात राखायची असते तसली.

“किंवा... लोक,” प्राचार्य म्हणाले.

“लोकांत संस्था आली का? आपल्या नव्या इमारतीचं काम परवानगीवाचून अडलंय, तीही टंचाईच ना? ‘च’मध्ये आम्ही नव्हतो हो. ‘च’ लावला असता तर एकटं सरकार चुकत होतं, ते त्यांचं त्यांनी बघितलं असतं. ह्या ‘ही’त त्याने सगळ्यांना ओढलं. सरकारला बोलला, व्यापाऱ्यांना बोलला, संस्थेला बोलला. असल्या माणसाला समज काय द्यायची? घरीच बसवा.”

“पण ‘ही’ समतोल आहे असं वकील म्हणाले होते,” प्राचार्य म्हणाले.

“वकील दुकान चालवत नाहीत. बोलवा त्याला आत. त्यानेच सांगू दे ह्या ‘ही’त कोण कोण येतं. नावं सांगू दे.”

मास्तरला आत बोलावलं. प्राचार्यांनी त्याला अहवाल दाखवला आणि प्रश्न सांगितला. मास्तरने कागद वाचला. मग त्याने बाईंकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर बाईंना परवडला असता. एखाद्या मुलाला गोष्टीतला शूर माणूस पळून गेल्याचं कळावं, तसा तो बघत होता. आणि तो तोंड उघडणार, हे बाईंना दिसलं.

“तू खाली बस,” बाई म्हणाल्या.

“पण बाई, मी...”

“बस म्हटलं ना!”

वर्गातली सवय जात नाही. मास्तर मटकन बसला.

“तो ‘ही’ नाही,” बाई म्हणाल्या. “तो ‘च’ आहे. ‘चुकतं’च्या आधी जीभ थांबलीय. दोन च एकमेकांना चिकटलेत. मला घरी पहिल्याच दिवशी कळलं होतं. कळूनसवरून मी खोटं लिहिलं. मीच चुकले.”

हेडक्लार्कचं पेन थबकलं. प्राचार्यांना बाईंची दया आली. इतकी वर्षं बाईंनी त्यांची पत्रं तपासली होती. “बाई, आपण असं करू,” ते हळूच म्हणाले, “‘मीही चुकले’ असं घेऊ. म्हणजे तुमच्या एकट्यावर यायला नको.”

“‘मीच’,” बाई म्हणाल्या. मग हेडक्लार्ककडे वळून, शुद्धलेखन सांगावं तशा सावकाश म्हणाल्या, “मीच. चुकले. दोन्ही च वेगवेगळे लिहा. मागून कुणी बाक सरकवलं तरी घोटाळा व्हायला नको.”

टाइल्सवाल्यांनी डोळे बारीक केले. “म्हणजे सरकारच चुकतं, असं तुमचंही मत?”

“मला अक्षर विचारलं होतं, मत नव्हतं विचारलं,” बाई म्हणाल्या. आवाज चढला तो त्यांनी आवरला नाही. “पण आता विचारलंत, तर घ्या. सरकार चुकतं की नाही ते मला ठाऊक नाही, तो माझा विषय नाही. पण वर्गात मास्तरला ‘च’ म्हणता आलं पाहिजे, आणि समोरच्या पोराला उठून ‘मुळीच नाही’ म्हणता आलं पाहिजे. ‘च’ असला की भांडता येतं. ‘ही’शी कोण भांडणार? तुमच्या कॉलेजात सगळे ‘ही’ म्हणायला लागलेत आणि कुणाला कुणाचं काही कळेनासं झालंय. गणिताच्या सरांना विचारा.”

मास्तर पुन्हा उठू लागला. तेवढ्यात, सगळ्या नोकरीत पहिल्यांदाच, प्राचार्य कुणाचाही आधार न घेता उभे राहिले आणि म्हणाले, “बैठक संपली.” आरोपीला अजून एकही प्रश्न रीतसर विचारलेला नव्हता. ते त्यांच्या लक्षात होतं की नव्हतं, कोण जाणे. नंतर कुणी विचारलं की ते कुंड्यांबद्दल बोलत.

वकिलांनी नवा सल्ला दिला. रेकॉर्डिंग अस्पष्ट. मुलांच्या साक्षी परस्परविरुद्ध. तज्ज्ञ एकच, आणि तिने एकाच बैठकीत दोन अक्षरं सांगितलेली. आधी खोटं लिहिल्याचं तिनेच कबूल केलेलं. अशा बाईच्या शब्दावर एखाद्याला काढलं तर कोर्टात संस्थेचं हसं होईल. सबब मास्तरवर कारवाई करता येत नाही. ठरावात लिहिलं गेलं की तज्ज्ञ व्यक्तीचा शब्द विश्वासार्ह धरता येत नाही.

बाईंनी ते वाक्य वाचलं. ‘विश्वासार्ह’ बरोबर लिहिलं होतं.

मास्तर वाचला. त्याच्या बायकोने दुकानातून फोन केला, आणि बोलायचं सोडून ती नुसती रडली. मास्तर मात्र काही दिवस बाईंशी बोलला नाही. मग एकदा जिन्यात गाठून म्हणाला, “तुम्ही मला बोलू दिलं नाहीत.”

“तुला विचारलं नव्हतं.”

“बाई, हे सगळं मुद्दाम केलंत का? म्हणजे, तुमचा शब्द गेला की मी सुटेन, असं ठरवून?”

“मला इतकं सुचत असतं तर मी वकील झाले असते,” बाई म्हणाल्या. “मी आधी घाबरले आणि मग चिडले. एवढंच.”

खरंच एवढंच होतं. पण त्याची किंमत लागायची ती लागली. परीक्षेचे पेपर तपासायचं काम बाईंकडून काढून घेतलं. ठराव, पत्रं, सूचना त्यांच्या टेबलावर येईनाशा झाल्या. स्टाफरूममध्ये त्या बोलू लागल्या की लोक आदराने ऐकत आणि मग दुसऱ्या कुणाला तरी विचारून खात्री करून घेत. नव्या इमारतीला परवानगी मिळाली आणि दारावर दगडात कोरलेली पाटी बसली : ‘महाविध्यालय’. बाई त्या पाटीखाली उभ्या राहिल्या. लाल पेन दगडावर उमटत नाही. घरी येऊन त्या रडल्या, आणि नवऱ्याने विचारल्यावर त्यांनी सरळ सांगितलं, “मला आता कुणी विचारत नाही हो.” नवऱ्याने कपाटातून लग्नाची पत्रिका काढून त्यांच्यापुढे ठेवली. “हिच्यात आणखी एक चूक आहे,” तो म्हणाला. “तेव्हा तुझ्या नजरेतून सुटली होती.” बाई चष्मा लावून बसल्या. चूक काही सापडली नाही, पण रडू थांबलं.

त्यानंतर केव्हातरी बाई आपल्या तासाला निघाल्या होत्या. वाटेत इतिहासाचा वर्ग लागला. दार अर्धं उघडं होतं. आत तीच मुलगी उभी होती आणि तिने तोच प्रश्न पुन्हा विचारला होता. सर, मागच्या वेळी ते राहूनच गेलं. टंचाईत चूक कुणाची असते?

पहिल्या बाकावरच्या मुलाचा मोबाइल बाकावर उताणा होता. बाई दाराआड थांबल्या. हा ‘च’ म्हणाला तर पुन्हा पहिल्यापासून सगळं, आणि या वेळी मध्ये पडायला आपल्याजवळ शब्दही उरलेला नाही. हा ‘ही’ म्हणाला तर... तर ते काय होतं, हे त्यांना नीट सांगता आलं नसतं. पण त्याने ‘ही’ म्हणू नये असं त्यांना फार वाटलं, आणि असं वाटल्याबद्दल त्याच्या बायकोची भीतीही वाटली.

मास्तरने काहीच म्हटलं नाही. खडूचा आवाज आला. बाईंनी वाकून पाहिलं. फळ्यावर लिहिलं होतं : ‘सरकार ____ चुकतं.’

“गाळलेली जागा भरा,” मास्तर म्हणाला. “मी भरणार नाही. मला नोकरी आहे. तुम्हाला अजून नाही. भरा.”

मागून कुणीतरी ओरडलं, “च!” दुसऱ्या कोपऱ्यातून आलं, “ही! ही!” मुलगी म्हणाली, “सर, ‘च’ कसा? व्यापाऱ्यांनी साठे दडवले ते?” कुणीतरी तिला म्हणालं, दडवू कुणी दिले? आणि मग पहिल्या बाकावरचा मुलगा ताडकन उठला, लाल झालेल्या चेहऱ्याने फळ्याकडे गेला, त्याने डस्टर घेतलं, ‘चुकतं’ पुसलं, आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं : ‘सरकार कधीच चुकत नाही.’ लिहून तो वर्गाकडे तोंड करून उभा राहिला. सगळे एकदम त्याच्यावर तुटून पडले, आणि तोही मागे हटेना. बाकं खरखर सरकू लागली. त्या गोंगाटात कोण काय म्हणतंय, ते कुठल्याच मोबाइलला कळलं नसतं. मास्तर खिडकीला टेकून उभा होता आणि खदखदून हसत होता, विद्यार्थी असताना हसला होता तसा.

बाईंचे डोळे भरून आले. पदराने चष्मा पुसून त्यांनी सवयीप्रमाणे तिन्ही वाक्यं मनात तपासली. ‘सरकारच चुकतं.’ ‘सरकारही चुकतं.’ ‘सरकार कधीच चुकत नाही.’ व्याकरणाच्या दृष्टीने तिन्ही निर्दोष होती, आणि त्या तिसऱ्यातही एक ‘च’ होताच, चांगला ठणठणीत. बाईंनी कुणाचाच अर्धा मार्क कापला नाही, आणि त्या आपल्या तासाला गेल्या.